फोटो, सोनोग्राफी, स्कॅन : तपासणीला जाण्यापूर्वी



डॉक्टर चिठ्ठीवर ‘यूएसजी’, ‘सीटी’ किंवा ‘एमआरआय’ अशी दोन-तीन अक्षरे लिहून देतात. चिठ्ठी हातात पडली की घरात दोन चिंता सुरू होतात. पैसे किती लागतील, आणि काही मोठे निघाले तर काय? मग कोणी उसने पैसे काढून दुसऱ्याच दिवशी तपासणी करतो, तर कोणी घाबरून चिठ्ठी डब्यात ठेवून देतो. या दोन्हींच्या मधली एक पायरी आपल्याकडून राहून जाते. ती म्हणजे डॉक्टरांना विचारणे : ही तपासणी कशासाठी?

प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. हाड मोडले आहे का, पित्ताशयात खडा आहे का, मेंदूत रक्त सांडले आहे का? प्रश्न ठाऊक असला की रिपोर्टचा अर्थ लागतो. प्रश्नच ठाऊक नसेल तर रिपोर्टमधला एखादा इंग्रजी शब्द माणसाला घाबरवून टाकतो आणि कधी कधी विनाकारण ऑपरेशनपर्यंत नेतो. म्हणून या अंकात नेहमीच्या तपासण्यांची ओळख करून घेऊ. प्रत्येकीत काय दिसते, काय दिसत नाही आणि जाताना काय तयारी करायची, ते पाहू.

एक्स-रे, म्हणजे आपला ‘फोटो’

जर्मनीतील शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. शोध सगळ्यांच्या उपयोगी पडावा अशी त्यांची भूमिका होती.

हे किरण मांसातून सहज पार जातात आणि हाडात अडतात. त्यामुळे फिल्मवर हाड पांढरे दिसते आणि हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते. मोडलेले हाड, छातीतला न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती साठलेले पाणी, मोठे झालेले हृदय हे फोटोत कळते. पित्ताशयातले बहुतेक खडे, कंबरेतली दबलेली नस, गुडघ्याचा फाटलेला दोर मात्र फोटोत दिसत नाही. ‘फोटो नॉर्मल आला, म्हणजे दुखणे खोटे’ असे म्हणून घरातल्या कोणाला गप्प करू नये.

आपल्या वस्त्यांसाठी छातीच्या फोटोचे महत्त्व मोठे आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त यांपैकी काहीही असेल तर फोटो आणि थुंकीची तपासणी दोन्ही लागतात. फोटोतला डाग पाहून केवळ संशय घेता येतो. असा डाग जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचाही असू शकतो. जंतू आहे की नाही, आणि नेहमीच्या औषधाला तो दाद देईल की नाही, हे थुंकीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत कळते. ही तपासणी आणि टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. म्हणून केवळ फोटो पाहून कोणी महिनोन्‌महिने औषध सुरू करत असेल, तर ‘थुंकी तपासली का?’ हे जरूर विचारावे.

आणखी एक गोष्ट आपण डॉक्टरांना सांगत नाही, ती म्हणजे आपले काम. दगडखाण, खडीक्रशर, फरशी कापणे अशा कामात दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याचा फोटो टीबीसारखा दिसू शकतो. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. ‘मी बारा वर्षे क्रशरवर होतो’ हे एक वाक्य डॉक्टरांच्या फार उपयोगाचे असते. ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. व्यवसायातून झालेल्या आजाराची भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

किरणांची भीती किती बाळगावी?

माती, दगड, हवा आणि आकाश यांतून थोडे किरण आपल्या अंगावर रोज पडतच असतात. छातीच्या एका फोटोत साधारण दहा दिवसांत निसर्गातून मिळतात तेवढे किरण मिळतात. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये ते सुमारे आठ महिन्यांएवढे, तर पोटाच्या सीटीत जवळपास तीन वर्षांएवढे असतात. गरजेच्या फोटोला म्हणूनच घाबरू नये, आणि गरज नसताना ‘एकदा सगळे अंग स्कॅन करून टाका’ असा आग्रहही धरू नये. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावे.

पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर फोटो किंवा सीटीपूर्वी तंत्रज्ञांना स्पष्ट सांगावे. सासूबाई किंवा दीर सोबत असले तरी संकोच करू नये. गरोदरपणात छातीचा फोटो खरोखर गरजेचा असेल तर तो काढता येतो, कारण पोटापर्यंत फार थोडे किरण पोहोचतात. पण तो निर्णय डॉक्टरांना माहिती असताना व्हायला हवा.

सोनोग्राफी

हिच्यात एक्स-रे नसतात. कानाला ऐकू न येणारा आवाज अंगात सोडला जातो आणि त्याच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. गरोदर बाईला, बाळाला, कोणालाही ती सुरक्षित आहे.

पित्ताशयातले खडे, मुतखडा, यकृताची सूज, पोटातले पाणी, गर्भपिशवी आणि अंडाशय यांसाठी ती उत्तम. हवा आणि हाड मात्र तिला आड येतात. म्हणून पोटात गॅस असेल तर ‘नीट दिसले नाही’ असे रिपोर्टमध्ये येते. सुरुवातीचा अपेंडिक्सचा आजारही काही वेळा सुटतो. रिपोर्ट नॉर्मल असून पोटदुखी वाढत असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

तयारी अशी करावी. पोटाच्या सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जावे, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसते आणि खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन, लघवी धरून जावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही, ते वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे. काही वेळा योनीमार्गातून सोनोग्राफी करावी लागते. ती का करायची हे आधी समजावून सांगितले गेले पाहिजे, आपली संमती घेतली पाहिजे, आणि जवळ स्त्री कर्मचारी असावी अशी मागणी करता येते.

गरोदरपणातली सर्वांत महत्त्वाची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची. बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची वाढ त्या वेळी तपासली जाते. ‘आठव्या महिन्यात एकदाच करू’ असे म्हणून ती टाळली तर काही दोष उशिरा कळतात आणि निर्णयाला वेळ उरत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेत गरोदर मातेच्या आवश्यक तपासण्या मोफत आहेत. त्यात सोनोग्राफीही येते. आशाताईंना विचारा.

या वेळी ओळखपत्र मागतात आणि ‘एफ’ नावाचा फॉर्म भरून घेतात, त्याने बिचकू नये. गर्भलिंग निवड रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार ही नोंद सक्तीची आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशाच्या आधी, असा कायदा केला होता. लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी नको म्हणून सुनेला केंद्रावर नेणाऱ्या नातेवाइकांनाही हा कायदा लागू आहे.

हृदयाच्या सोनोग्राफीला टू-डी इको म्हणतात. झडपा आणि हृदयाची ताकद त्यात कळते. पण हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा इकोत थेट दिसत नाही. ‘मागच्या महिन्यात इको नॉर्मल होता’ म्हणून छातीत दुखणे, डावा हात भरून येणे, घाम फुटणे याकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी ताबडतोब ईसीजी हवा.

सीटी स्कॅन

यातही एक्स-रेच असतात. यंत्र आपल्याभोवती फिरत अनेक कोनांतून किरण सोडते आणि संगणक त्यावरून शरीराचे आडवे काप दाखवतो. पाव कापल्यावर आतले दिसावे तसे. रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला. तो शोध लावणारे हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

सीटीची खरी किंमत अपघातात आणि लकव्यात कळते. चेहरा एका बाजूला वाकडा, हात लुळा, बोलणे जड झाले, की ते मेंदूतल्या रक्तवाहिनीचे काम असू शकते. आत गुठळी अडकली आहे की रक्त सांडले आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही आणि दोन्हींचे उपचार उलटे आहेत. डोक्याचा साधा सीटी हा फरक काही मिनिटांत दाखवतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळणे, मालीशवाल्याकडे नेणे, ‘सकाळी बघू’ म्हणणे यात हे तास जातात आणि घरातला कमावता माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. १०८ ला फोन करा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

काही सीटीमध्ये शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. लोक त्याला ‘डाय’ म्हणतात. अंगात क्षणभर गरम वाटते, ते साहजिक आहे. पण आधी चार गोष्टी सांगायच्या : पूर्वी अशा इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती का, किडनीचा त्रास आहे का, दमा आहे का, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का. अनेक ठिकाणी आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासायला सांगतात. हा वाढीव खर्च वाटला तरी किडनीच्या रक्षणासाठी आहे.

एमआरआय

यात किरण नसतात, मोठे लोहचुंबक असते. मेंदू, मणका, नसा, सांध्यातले दोर आणि गादी यांचे सर्वांत स्पष्ट चित्र यात मिळते. वेळ मात्र वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागतो. अरुंद बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते आणि हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. आधी माहीत असले की घाबरायला होत नाही. हातात एक बटण किंवा फुगा देतात, तो दाबला की तंत्रज्ञ बोलतात.

धोका धातूचा आहे. हे चुंबक तपासणी चालू नसतानाही सतत चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतले आणि त्याचा मृत्यू झाला. म्हणून सोबत जाणाऱ्यानेही चावी, मोबाइल, नाणी, पट्टा, सेफ्टी पिन, जोडवी, पैंजण सगळे बाहेर काढावे. कोणी कर्मचारी ‘चालते हो’ म्हणाला तरी धातूची वस्तू आत नेऊ नये.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातले यंत्र, हाडातला रॉड, तांबी यांची माहिती आधी द्यावी. यांतल्या अनेक गोष्टी असतानाही एमआरआय होतो, पण ते ठरवायचे डॉक्टरांनी. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी आणखी एक गोष्ट सांगावी : डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. तो आत राहिला असेल तर चुंबकाने हलून डोळा जाऊ शकतो.

कंबरदुखीसाठी लगेच एमआरआय लागतोच असे नाही. ओझे उचलून, वाकून काम करून धरलेली कंबर बहुतेकांची सहा आठवड्यांत सुधारते. चाळिशीनंतर गादी झिजल्याचे चित्र तर काहीही न दुखणाऱ्या माणसातही दिसते. पण पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणे, पूर्वीचा कॅन्सर किंवा मोठी पडझड यांपैकी काही असेल तर थांबू नये. तेव्हा एमआरआय त्वरित हवा.

मॅमोग्राफी

हा स्तनांचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात, थोडे दुखते, पण किरण कमी लागतात. त्या दिवशी काखेत-छातीवर पावडर किंवा सेंट लावू नये, त्याचे ठिपके फिल्मवर उमटतात. तरुण बायकांत सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते. गाठ हाताला लागत असेल आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली, तरी विषय संपत नाही. गाठीचा तुकडा किंवा सुईने पाणी तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. न दुखणारी गाठ निरुपद्रवी, ही समजूत फार घातक आहे.

रिपोर्टमधले शब्द

रिपोर्टच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ असते, तो सारांश. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे चित्र आणि रुग्णाची लक्षणे एकत्र ताडून पाहा. म्हणजे खुद्द रेडिओलॉजिस्टच सांगतात की नुसत्या चित्रावर निर्णय घेऊ नका. ‘लिजन’ म्हणजे वेगळा दिसणारा भाग. तो कॅन्सरच असतो असे नाही. ‘सिस्ट’ म्हणजे पाण्याची पिशवी. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात लहान सिस्ट तयार होतात आणि बहुधा आपोआप जिरतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पाहणे हाच अनेकदा उपचार असतो. ‘बल्की युटेरस’ म्हणजे गर्भपिशवी थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणांनंतर ती तशी दिसू शकते.

हे शब्द समजणे का गरजेचे आहे, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. विधिमंडळात प्रश्न गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. कित्येकींचे वय तिशीच्या आसपास होते. पाळीत खाडा झाला तर दंड, आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारीला कॅन्सरची भीती, अशा दोन्ही बाजूंनी त्या कोंडल्या गेल्या. अंगावरून पांढरे जाणे बऱ्याचदा औषधाने बरे होते. पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर कमी वयात हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावरून कोणी पिशवी काढायला सांगितली, तर तोच कागद घेऊन सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घ्यावे. अतिरक्तस्राव सोडला तर एका आठवड्याने काही बिघडत नाही.

पैसा आणि हक्क

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांत शुल्क असते. तेथे समाजसेवा अधीक्षकांना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला दाखवून सवलत मागावी. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाच्या त्या उपचारासाठीच्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे किंवा १५५३८८ वर फोन करावा.

‘अमक्याच सेंटरला जा’ असा आग्रह झाला तर लक्षात ठेवा, तपासणी कोठे करायची ते निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे. दर दोन-तीन ठिकाणी विचारावा आणि पावती घ्यावी. आपल्या नोंदींची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

फिल्म, सीडी आणि रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावून, पत्र्याला गळती असेल तेथून दूर ठेवा. पावसाळ्यात भिजलेली फिल्म म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. पुढच्या वेळी जुना फोटो सोबत न्या. डाग वाढला की तसाच आहे, हे जुन्या फोटोशी ताडूनच कळते. रिपोर्ट हातात घेताना नाव, वय, तारीख आणि उजवी-डावी बाजू तपासा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकत्या पोराला सोबत न्या.

तपासणीच्या चिठ्ठीमागे हे पाच प्रश्न लिहून ठेवा :

१. ही तपासणी नेमके काय शोधण्यासाठी आहे?
२. तिच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?
३. कमी खर्चाची किंवा बिनकिरणांची दुसरी तपासणी चालेल का?
४. आज करायची की थोडे दिवस थांबून चालेल?
५. उपाशीपोटी यायचे का, कोणती गोळी बंद ठेवायची?

असे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर उत्तर देतात, आणि विचारणाऱ्या रुग्णाला जास्त नीट समजावतात. हा लेख महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकीने वाचून दाखवावा, आणि ज्या घरात चिठ्ठी डब्यात पडून आहे, त्या घरापर्यंत हे पाच प्रश्न पोहोचवावेत, एवढी आमची विनंती.